मुतखड्याचा आकडा

“पोटशूळ न्हवं साहेब, मुतखडा लिवा!”

श्रीपालनं डॉक्टरांच्या टाकावर हातच ठेवला. आमच्या निपाणीच्या त्या दवाखान्यात असं आजवर कुणी केलं नव्हतं. बायकांचं बाकडं कायम रिकामंच. डॉक्टर पुरुष, मग तिथं कोण बसणार? पुरुषांचं बाकडं मात्र माना उंचावून बघू लागलं.

डॉक्टर मारुतीराव चिडले नाहीत. “रोग तू ठरवणार, मग मी काय तंबाखू वाळत घालू?”

सगळे हसले.

त्या काळी सरकारी यादीत प्रत्येक रोगाला आकडा असे. चिठ्ठीवर पोटशुळाचा आकडा पडला, की बाटलीभर औषध घेऊन घरी जायचं. मुतखड्याचा पडला, तरच बेळगावच्या मोठ्या इस्पितळात खाट. श्रीपालच्या घरी वर्षभर काढे झाले होते, अंगारे झाले होते. आता खाटच हवी होती.

“कुठं दुखतं?”

श्रीपालनं उजव्या बरगडीखाली हात धरला. “हितनं उठतंय, आन् खाली जांघंत उतरतंय. बसवंना, निजवंना. वकाऱ्या येत्यात.”

“लई नेमकं सांगतोस रं!”

“रोज बघतोय की.”

डॉक्टरांनी त्याला पालथं निजवलं. बोट टेकायच्या आधीच तो ओरडला.

“अरे, अजून हात लागला नाही!”

“भ्या वाटतंय, साहेब.”

मग त्यानं फडक्यात गुंडाळलेली लघवीची बाटली पुढं केली. डॉक्टरांनी एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काच सरकवून पुन्हा पाहिलं.

“रक्त आहे. खड्याची कचही आहे. पोटशूळ म्हणत बसलो असतो, तर मूत्रपिंड गेलं असतं.”

खडा मूत्रपिंडात की मूत्राशयात, याचेही आकडे निराळे. डॉक्टरांनी यादी पुन्हा पाहिली, नेमका आकडा घातला, पुढं ‘उजवे’ लिहिलं आणि सही ठोकली.

“शाईनं घातलेला आकडा मी खोडत नाही. आता खाट कुणाच्या बापाला अडवता येणार नाही.”

श्रीपाल ताडकन उठून उभा राहिला. तोंडभर हसू. बाकड्यावरून कुणीतरी ओरडलं, “जितलास रं गड्या!”

डॉक्टरही हसले. टाक पुन्हा दौतीत बुडवला. “हं, नाव सांग.”

“चंदना,” श्रीपाल म्हणाला. “बायको हाय माझी. बेळगावात बाई डॉक्टर हाईत न्हवं?”