सात फुटी नळी

आखातातल्या अम्गऱ्याच्या भंगारबाजारात सहा इंची डक्टचे तुकडे. सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. दाभोळच्या ओटीवर काचेवर काच घासणारी मुलगी. चौदा माणसांचं हसू.

डक्टच्या, म्हणजे एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांच्या, धंद्यात माप तोंडाचं. बारा इंची म्हणजे तोंड बारा इंच; लांबी गिऱ्हाईक मागेल तेवढी. यूसुफने उभा जन्म याच मापाने पत्रा वळवला होता.

अठ्ठ्याण्णव साल. अम्गऱ्यातल्या वर्कशॉपमधून त्याने घरी, दाभोळला, फोन लावला होता. मेहविशने आईच्या हातून रिसीव्हर ओढून घेतला.

“अब्बा, मी दुर्बीण करतेय. आरसा मीच घासलाय. सुट्टीला येताना नळी तेवढी आणाल? सात फुटी.”

“सात फुटी? अगं, त्यात तुझी आई म्हैस बांधील!”

त्याने स्पीकरचं बटण दाबलं. “सांग, यांना पण सांग.”

तिने सांगितलं. वर्कशॉप हसलं. सोबतचा कारागीर नझीर ओरडला, “चाँद पे जाना है क्या, बेटी?”

“अब्बा, तसं नाही...” मग नुसती खरखर. “राहू दे.”

सुट्टीला त्याने घड्याळ नेलं. तिने ते मनगटावर बांधलं.

पाच वर्षांनी तो तिकडेच, अब्बासियातल्या एका शाळेत डक्ट बसवत होता. शिडीखाली प्रियांका मॅडम मुलांना जुन्या दुर्बिणीचं चित्र दाखवत होत्या. सेव्हन फूट, त्या म्हणाल्या. चित्रातली नळी लांबलचक आणि बारीक होती. यूसुफ खाली उतरला.

“मॅडम, यात सात फूट कुठे आहे?”

“लांबी, चाचा. तेव्हा दुर्बीण नळीच्या लांबीवरून ओळखत. आरसा केवढा, ते नावात येतच नसे.”

दुसऱ्या दिवशी त्याने नवा पत्रा टेबलावर पसरला. सात फूट मोजून खूण केली. रुंदीवर पट्टी ठेवली आणि थांबला. मेहविश आता चिपळूणला, सासरी होती. त्याने फोन लावला.

“दुर्बिणीची नळी करतोय गं. सात फूट लांब. तोंड किती ठेवू?”

“कसली दुर्बीण, अब्बा?”

आवाजात राग नव्हता. मागे कुकरची शिट्टी झाली. “ठेवते हं,” ती म्हणाली.

यूसुफ पत्र्यासमोर पेन्सिल धरून उभा राहिला.

अठ्ठ्याण्णव साली, त्या फोनच्या आदल्या दिवशी, आरसा घासून पुरा झाला होता. बशीएवढा होता, सहा इंची तोंडात मावेल असा.