अप्पांची पाठवणी

“समुद्रात किल्ला बांधलाय म्हणतोस. मग पाया कशात घातला?” गुरुलिंगअप्पांनी विचारलं.

कोकणात निघालेली बस अजून उमरग्याच्या बाहेर पडली नव्हती. सहल काढणारा विरुपाक्ष ड्रायव्हरशेजारी उभा राहून, तोंडाला माईक लावून, काय काय बघायचं ते सांगत होता. मालवणला होडीत बसून सिंधुदुर्ग. मग कुणकेश्वराचं दर्शन, अगदी समुद्राच्या काठाला. मग वेंगुर्ल्याचं दीपगृह.

“पायात शिसं ओतलंय म्हणत्यात, अप्पा. आन् आत गोड्या पाण्याच्या हिरी हायत. चारी अंगानं खारं पाणी, मधी गोडं.”

“असं कसं असंल? चाखून बघितलंय का कुणी?”

बसमधली म्हातारीकोतारी हसली. पलीकडच्या सीटवरची नागम्मा म्हणाली, “अप्पा, बघायलाच तर चाललाव की.”

अप्पा हसले नाहीत. किल्ल्याचं त्यांना एवढं काही नव्हतं. खरा संशय सुनेचा होता.

सहलीला जायचं शिवलीलेनंच काढलं होतं. बॅग तिनं भरली, धपाटे तिनं बांधून दिले. मुलगा मल्लिनाथ, ज्याला बापाला तुळजापूरला न्यायला कधी सवड झाली नाही, तो आज दुकान बंद ठेवून बसपर्यंत पोचवायला आला. आणि बस हलायच्या आधीच माघारी वळला. एवढी घाई कशाची? मागच्या महिन्यात एकजण घरापुढं टेप लावून मोजत होता. “नालीचं माप घेतोय,” म्हणाला. नालीचं माप घेणारा माणूस घराच्या गच्चीकडं कशाला बघंल? घर रस्त्याला लागून. म्हातारा आठवडाभर समुद्र बघत बसला की इकडं गिऱ्हाईक आणून दाखवायला मोकळे.

हायवेच्या पंपावर बस डिझेलला थांबली, तसे अप्पा उठले.

“चष्मा राह्यला घरी,” ते विरुपाक्षला म्हणाले. चष्मा खिशात होता.

“लवकर या अप्पा. लई थांबता येणार न्हाय.”

त्यांनी रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी तिला थांबायला सांगितलं आणि पुढच्या दारानं न जाता मागच्या बोळातून आपल्याच घराच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. आत माणसांचा आवाज होता. अप्पांनी हळूच डोकावलं.

गिऱ्हाईक नव्हतं. टेपवाला नव्हता. घरचीच माणसं होती.

भर दुपारी शिवलीला झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसली होती. डोक्यावर पदर नव्हता. मांडीवर मुरमुऱ्यांची परात. नात राजनंदिनी जमिनीवर लोळत होती. आणि मल्लिनाथ, चाळिशीचा बाप्या, अप्पांचं उपरणं खांद्यावर टाकून, कमरेत वाकून खोलीभर फिरत होता. मधेच थांबायचा, खाकरायचा, डोळे बारीक करायचा.

“कोण आलतं? कशाला आलतं? लई येळ बसलं व्हतं का?”

राजनंदिनी खिदळली.

“चहात साखर आज कमी कशी? कुठं गेली साखर?”

शिवलीला हसता हसता पुढं वाकली. मुरमुरे सांडले. तिला ते गोळा करायचंही भान राहिलं नाही. ती नुसती हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. लग्न होऊन आल्यापासून अप्पांनी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. तिचा आवाज एवढा मोठा आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं.

अप्पांचा हात खिडकीच्या गजावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

“बास करा आता,” आतून शिवलीला म्हणाली. “बिचारं म्हातारं माणूस. गाडी सोसती का न्हाय त्येंना, इचारते थांबा.”

क्षणभरानं अप्पांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो धोतरात दाबून धरला आणि लगबगीनं बोळाच्या टोकाला, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागं गेले.

“मामा, कुठवर आलाव?”

तिचा आवाज फोनमधून येत होता, आणि थोडाथोडा खिडकीतूनही.

“नळदुर्ग गेलं,” अप्पा हळू आवाजात म्हणाले.

“एवढ्यात?”

“ड्रायव्हर जोरात हाणतोय.”

“त्याला सावकाश घ्या म्हणावं. आन् मामा, होडीत काठाला बसू नगा. किल्ला नीट हिंडून बघा. आल्यावर मला सांगा समदं. म्या तरी कुठं बघितलाय समुद्र?”

अप्पांना काहीतरी बोलायचं होतं. पण नळदुर्गाच्या पुढं गेलेल्या माणसानं काय बोलावं, ते त्यांना सुचेना.

“सांगतो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आत पुन्हा हसू उसळलं. मल्लिनाथानं बहुतेक नवीन नक्कल काढली होती. बोळात फरशी होती आणि अप्पांच्या वहाणा करकरत होत्या. त्यांनी त्या काढल्या, हातात घेतल्या आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी, भिंतीला धरून, आवाज न करता बाहेर आले.

रिक्षावाला त्यांच्याकडं बघतच राहिला. ते आत बसले तरी वहाणा हातातच होत्या.

“काका, कुणाचं घर म्हणायचं हे?” त्यानं जरा संशयानंच विचारलं.

अप्पांनी मागं वळून पाहिलं.

“सुनंचं हाय,” ते म्हणाले. “चल, बस निघंल.”