कापून टाकलेलं वाक्य

पोस्टरवर मॅडमच्या आईचा चेहरा होता. अर्धा उजेडात, अर्धा काळा. खाली लाल अक्षरांत एक ओळ: 'ती तुम्हाला ओळखत नाही.'

मॅडमनी पोस्टर टेबलावर पालथं घातलं, मग पुन्हा सुलटं केलं. शेजारचे परीक्षक जाहिरातीच्या धंद्यातले, मुलांचं काम तपासायला बाहेरून बोलावलेले. सकाळपासून एकेका गटाचे ट्रेलर बघून ते जांभया देत होते. आता खुर्चीत सरसावून बसले.

"ह्याला म्हणतात पोस्टर," ते म्हणाले. "लाव गं, बघू."

ट्रेलर लावायला उठली ती खारूताई. एका जागी बूड टिकत नाही म्हणून सगळं कॉलेज तिला ह्याच नावानं हाक मारायचं. मॅडमच्या घरी मात्र ती टिकायची. गेले काही महिने दुपारचे तास संपले की यायची आणि आईजवळ बसायची. तिचे केस विंचरायची, तिच्या त्याच त्या गोष्टी नव्यानं ऐकायची. आईला विसरण्याचा आजार. पगार देऊनही तिच्याजवळ कुणी थांबत नव्हतं, आणि ही पोर आपणहून येत होती. मॅडमना केवढा आधार वाटायचा. पोरीच्या हातात सारखा मोबाइल असायचा, पण तो हल्ली कुणाच्या हातात नसतो?

खोलीतले दिवे मालवले. पडद्यावर एक दार करकरलं. अंधाऱ्या खोलीत आई पाठमोरी बसलेली. अंगावर काटा आणणारं संगीत चढत गेलं, एकदम थांबलं, आणि आईनं मान वळवून हळूच सांगितलं, "ती माझी मुलगी नाही." मग किंकाळी, आणि सिनेमाचं नाव.

परीक्षकांनी टाळी वाजवली. "म्हातारीनं कमाल केलीय. कुठं सापडली ही नटी?"

खारूताईनं मॅडमकडे पाहिलं. ओळखीतल्या आहेत, असं पुटपुटली. मग घाईघाईनं गोष्ट सांगायला लागली. घरात एक म्हातारी, तिच्या मुलीच्या रूपात वावरणारं कुणीतरी दुसरंच. पोस्टर कालच मोबाइलवर टाकलंय, चांगलं फिरतंय, लोक म्हातारीला बघूनच टरकलेत. परीक्षकांनी भराभर गुण दिले, हाच ट्रेलर पहिला, असं सांगून टाकलं आणि चहाला गेले.

"मला विचारायचं तरी होतंस," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, मॅडम."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त झोंबलं.

मॅडमनी पेन उचललं. छायाचित्रण, संकलन, पोस्टर, सगळीकडे वाजवी गुण घातले. कामात खोट काढता येत नव्हती आणि मनातला राग तिथं काढायचा नव्हता. ज्यांचं चित्रण केलं त्यांची परवानगी, ह्या रकान्यात मात्र शून्य. परवानगीशिवाय काम पुढे जाणार नाही, आणि पोस्टर आत्ताच्या आत्ता काढून टाक, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. खारूताईनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

"मला आजी आवडतात, मॅडम. खरंच आवडतात."

"म्हणून भूत केलंस होय तिचं? आई असलं कधी बोलत नाही. तूच तिच्याकडून वदवून घेतलंस."

"नाही. त्या आपणहून बोलल्या." पोरगी थांबली. "पुढचं मी कापलं."

"काय पुढचं?"

खारूताईनं लॅपटॉपचं झाकण मिटायला हात पुढे केला. "नको ना, मॅडम."

"लाव."

ह्या तुकड्याला संगीत नव्हतं. अंधारही नव्हता, खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि पंख्याचा आवाज येत होता. आई डोळे मिटून बसली होती, तिच्या केसांतून कंगवा फिरत होता. स्वयंपाकघरात भांडं वाजलं तशी तिनं मान वळवली आणि गुपित सांगावं तसं हळूच म्हणाली, "आत आहे ना, ती माझी मुलगी नाही. स्वभावानं चांगली आहे बिचारी. पण माझी नव्हे. माझी तू. इतके दिवस कुठं होतीस गं, बबडे?"

बबडी म्हणजे मॅडम. आईखेरीज ह्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती, आणि आईच्या तोंडूनही ते ऐकून आता वर्षं झाली होती.

कंगवा थांबला. "इथंच होते की, आई," पडद्यावरची खारूताई म्हणाली.

आईनं तिचा हात गालाशी धरला. इकडे मॅडमच्या शेजारी उभी असलेली खारूताई खाली बघत होती. मॅडमचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत.

तेवढ्यात पडद्यावर दारातून कुणीतरी आत आलं. कपबशी हातात, कपाळावर घाम, सगळं घर आवरून आल्यासारखा दमलेला, पण खूश चेहरा. मॅडमच होत्या त्या. त्यांनी वाकून कप आईपुढे ठेवला. आईनं पोरीचा हात सोडला, अंग सावरलं आणि नीट ताठ बसली.

"आपण कशाला त्रास घेतला?" ती अदबीनं म्हणाली.

पडद्यावरच्या मॅडम खळखळून हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली होती.