सातवी पायरी

सकाळी सव्वादहाला मेव्हण्याचा, बायकोच्या धाकट्या भावाचा, फोन आला. दोघं बहीणभाऊ एकाच खोक्यांच्या कारखान्यात कामाला होते.

"भाऊजी, ताई गेली. अडकलेला पुठ्ठा काढायला झाकण उघडून आत वाकली, आणि प्रेस खाली आली." मग म्हणाला, "चेहरा बघायचा हट्ट धरू नका. मी चपलेवरून ओळखलं."

पुठ्ठा दाबणाऱ्या त्या प्रेसच्या सॉफ्टवेअरची कार्यपद्धती फोन ऐकणाऱ्या त्यानेच, इथे ऑफिसात बसून, लिहिली होती. यंत्राने केव्हा काय करायचं ते साध्या शब्दांत, पायरीपायरीने. त्यावरून इतरांनी प्रोग्राम लिहिला.

फोन खिशात टाकतो तोच साहेबांनी त्याला दंडाला धरून केबिनमध्ये नेलं आणि आतून कडी लावली.

"फार वाईट झालं रे. गाडी सांगितलीय, लगेच नीघ. फक्त त्याआधी सातवी पायरी भरून दे. दोन ओळींचं काम आहे. तारीख यंत्र चालू केलं तेव्हाची, मार्चची टाक. तीनला चौकशीवाले येतायत."

टेबलावर कागद होता. 'सात. झाकण उघडे असल्यास' एवढंच लिहिलेलं. पुढे कोरं.

"तुम्हीच म्हणालात, साहेब. आधी चालू करू, हे मागाहून लिहू. उघड्या झाकणात कोण वेडा हात घालणार."

"आणि तू मान डोलावलीस. आता उकरून काय मिळणार? ती काही परत येणार नाही. आपण दोघं मात्र गोत्यात येऊ."

त्याने टेबलाचा लोखंडी खण ओढला, साहेबांचं मनगट धरून हात आत कोंबला आणि कंबरेने खण रेटला. हाड मोडलं. साहेब गुरासारखे ओरडले.

मनगट न सोडता तो कागद वाचू लागला.

"चार. पुठ्ठा जागेवर असल्यास दाब द्या."

खण आदळला.

"पाच. दाब पुरेसा नसल्यास पुन्हा द्या."

खण पुन्हा आदळला. बोटं वाकडी झाली.

"सहा. मोजणी पूर्ण होईपर्यंत चार आणि पाच करत राहा."

"थांब! अरे, पाया पडतो, थांब!"

"यंत्राला अक्कल नसते, लिहिलं तेवढंच करतं, असं तुम्हीच शिकवलंत ना? थांबायचं कुठे लिहिलंय? दाखवा."

बाहेरून लोक दार बडवत होते. खण आदळत राहिला. साहेबांचं ओरडणं थांबलं आणि ते गुडघ्यांवर कोसळले, तेव्हा कुठे त्याने मनगट सोडलं. साहेब हात पोटाशी धरून भिंतीकडे सरपटले. खणातल्या पाकिटांवर रक्त साचलं होतं.

तो कागदाकडे बघत राहिला. तळाशी दोन सह्या होत्या. एक साहेबांची. दुसरी त्याची.

त्याने खण पुन्हा पूर्ण ओढला आणि आपल्या उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडली.

अजून एक हात बाकी होता.