बिनखिळ्याचं पाळणाघर

पाळणाघराची अख्खी लाकडी इमारत सुताराने एकही खिळा न ठोकता उभी केली होती. उद्या ती हलवायची झाली, तर एकेक फळी धड निघावी म्हणून. त्याची नात रोज प्रत्येक खांब चाचपायची आणि तो मिशीत हसायचा, "शोध, शोध. खिळा सापडला, तर मी हरलो." उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्षांनी देणगीदारांची पितळी पाटी पुढे केली. "दर्शनी खांबावर ठोका." "साहेब, दोरीने टांगू ना." "पाटी आहे मिस्त्री, धुणं नाही." पाहुणे खो-खो हसले. वॉचमन हातोडा परजत सरसावला. त्याने खिळा ठोकला असता, तर खांब उभा चिरला असता. सुताराने त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला आणि पाटीचे चारही खिळे जपून स्वतःच ठोकले. टाळ्या वाजल्या. गर्दीतून आलेल्या नातीने टाचा उंचावून खिळ्यावर बोट ठेवलं. "आजोबा, सापडला. तू हरलास."