रिकामा चौकोन

संगणक कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस, हे मी लातूरच्या माझ्या कोडिंग क्लासमध्ये दरवर्षी गंभीरपणे सांगतो. भूकंपात गेलेल्या गावकऱ्यांच्या फोटोंची वेबसाइटही मीच बनवली.

निलंग्याहून निवृत्तीकाकांचा फोन आला. "सर, समद्यांचे फोटो दिसतेत, आमच्या पारूचाच न्हाई. नुसता चौकोन हाय."

"काका, मोबाइलवरून पाठवलेला फोटो बारका पडतो. स्टुडिओतून मोठा करून पाठवा."

त्यासाठी त्यांनी बायकोचा तो एकुलता एक फोटो तसबिरीतून सोडवला.

"सर, चेहरा काचेलाच चिकटून राहिला. आता कसं?"

मग मी पहिल्यांदा कोड उघडून पाहिला. पारूबाईंच्या फोटोला मी वेबसाइटवरचा नव्हे, माझ्याच लॅपटॉपवरचा पत्ता दिला होता; तो दुसऱ्या कुणाला दिसणंच शक्य नव्हतं. मला तो पहिल्या दिवसापासून नीट दिसत होता.