मधले दिवस

विजयदुर्गच्या किल्ल्याखाली गाडी लावून आदगोंडा पाटील उतरला, पण रेश्माच्या घराकडं जाणारी पायवाट धरायला त्याचे पाय तयार होईनात. समोर खाडी, खाडीपलीकडं डोंगर, डोंगरभर आंब्याच्या बागा. तटाला पाठ लावून पर्यटकांची एक टोळी फोटो काढत होती.

"तू काय बोलू नगं," तो बायकोला म्हणाला. "मी सांगतो."

"सांगा की. घाट उतरल्यापासनं त्येच म्हणतायसा," चंदनबाला म्हणाली.

सांगायचं होतं ते एवढंच, की त्यांचा पोरगा, अतिशय, गेला. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तो तासगावच्या मित्रांबरोबर हा किल्ला बघायला आला आणि खडकावरून पाय घसरून समुद्रात पडला. काठावर जाळं सांधत बसलेल्या रूपेशनं उडी टाकली, त्याला ढकलत खडकापर्यंत आणलं. पोरगा वर आला. रूपेशला लाटेनं आपटलं, तो पुन्हा दिसला तो दुसऱ्या दिवशी. त्याच अतिशयनं फाल्गुनात, दिवस बुडताना, रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल घातली. पाडव्याला रूपेशच्या बायकोचा, रेश्माचा फोन आला. आदगोंडाला तो उचलवला नाही. असलं फोनवर सांगायचं नसतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि वैशाखापर्यंत ढकललं.

रेश्मा अंगणात पेंढ्यावर हापूस निवडत बसली होती. आंबे कुणाच्या तरी बागेतले, ती रोजानं निवडून देणारी. दोघांना बघून ती लगबगीनं उठली, ओढणीला हात पुसले. मग तिनं त्यांच्या मागं, पायवाटेकडं पाहिलं.

"अतिशय खंय? तो नाय इलो?"

आदगोंडानं तोंड उघडलं. घाटात जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्याला सापडेना.

"पोरगा गेला बाई आमचा," शेवटी चंदनबालाच म्हणाली. "गाडीवरनं. दोन म्हयनं झालं."

रेश्मा खाली बसली. रडली नाही. हातातला आंबा तिनं उगीचच फिरवून बघितला आणि पेंढ्यावर ठेवला. आता ही शिव्या देणार, असं आदगोंडाला वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं. जिच्या नवऱ्यानं जीव देऊन पोरगा हातात दिला, तिला काय तोंड दाखवायचं, हे दोन महिने त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"म्हणजे चार म्हयने गावले तेका," रेश्मा म्हणाली.

"व्हय."

"त्या चार म्हयन्यांत तेणां काय काय केल्यान? ता माका सांगा."

चंदनबाला गोंधळली. "काय करतोय... जेवायचा, निजायचा."

"तसा नको. सगळा सांगा. ते दिस माझ्या घोवान दिलेले."

चंदनबाला तिच्याशेजारी पेंढ्यात बसली. आधी अडखळत, मग सरळ सांगू लागली. इथून गेल्यावर पोराला ताप भरला, उतरेचना. नंतर बेदाण्याच्या शेडवर जायला लागला, जाळीवरचा माल हातानं पसरायचा. एक मांजराचं पिल्लू आणलं, ते त्याच्या पायावर झोपायचं. चुलत बहिणीच्या लग्नात पंगत वाढली, माझ्या ताटात मुद्दाम चार जिलब्या टाकल्या. एकदा डोकंच दुखत होतं माझं, तर न सांगता चहा करून आणला, साखर विसरला.

"आणि?" रेश्मा दर वेळी विचारायची.

आदगोंडा उंबऱ्याला टेकून ऐकत होता. फाल्गुनापासून घरात पोराचं नाव कुणी काढलं नव्हतं. त्या चहाचं त्यालाही माहीत नव्हतं.

"आणि?"

चंदनबाला थांबली. आणखी नव्हतंच काही. अर्धे दिवस तर पोरगा दार लावून भिंतीकडं तोंड करून पडायचा. हाक मारली तरी ओ द्यायचा नाही.

"कॉलेजचं दोन विषय ऱ्हायलं हुतं," ती म्हणाली, "ते सोडवलं त्येनं. लय अभ्यास केला."

आदगोंडानं मान वर केली. परीक्षेला पोरगा गेलाच नव्हता.

"आन पोरगीबी पसंत केली हुती. नांदणीची. आमाला सांगितलं न्हाई, पर मला कळलंवतं."

अशी कुठली पोरगी नव्हती. रोज बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला जाणारी, सूर्य मावळल्यावर घोटभर पाणीही न पिणारी आपली बायको पापणी न लवू देता सांगत होती, आणि रेश्मा एकेक गोष्ट मान हलवून घेत होती.

"आणि?" आता रेश्मा त्याच्याकडं बघत होती.

आदगोंडाच्या गावी विहीर घरामागंच होती, पण एकुलता पोरगा म्हणून त्यानं अतिशयला कधी पाण्यात उतरू दिलं नव्हतं. आणि इथून परतल्यावर तर पोरगा विहिरीच्या काठालासुद्धा गेला नाही.

"पवायला शिकला," आदगोंडा म्हणाला. "आमच्या हिरीत. ह्या काठावरनं त्या काठाला जायचा."

रेश्मानं पेंढ्यावरचा आंबा पुन्हा हातात घेतला.

"कोणी शिकवल्यान तेका?"

"मी," आदगोंडा म्हणाला.